कोरोनाच्या अँटीबॉडी आपल्याच शरीरावर उलटतात का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

लाटा ओसरून वर्षं झाली तरी या विषयावरची पत्रं थांबत नाहीयेत, आणि त्यातली काळजी इतकी खरी आहे की एकेकाला दोन ओळी लिहून वाटेला लावणं मला पटेना, म्हणून या वेळचं अख्खं सदर यालाच दिलंय. नावं छापत नाही, फक्त गावं.

प्रश्न (सिंहगड रोड, पुणे): डॉक्टर, जानेवारी 2025 मध्ये आमच्या भागात जीबीएसची (गिलाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली तेव्हा शेजारच्या काकांना झाला होता, पायातली ताकदच गेली. तेव्हा सांगितलं की पोटातल्या जंतूंसाठी बनलेल्या अँटीबॉडीच नसांवर गेल्या. मग कोरोनाच्या अँटीबॉडी पण आपल्या अवयवांवर जाऊ शकतात ना? तेव्हापासून हेच डोक्यात आहे.

उत्तर: काकांबद्दल जे सांगितलं ते बरोबर आहे. त्या साथीत दोनशेहून जास्त संशयित रुग्ण निघाले आणि बऱ्याच जणांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू सापडला, जो खराब पाण्यातून किंवा नीट न शिजलेल्या चिकनमधून पोटात जातो. या जंतूच्या बाहेरच्या आवरणावर साखरेच्या रेणूंची जी साखळी असते ती आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंसारखी दिसते, त्यामुळे जंतूला धरायला बनलेली अँटीबॉडी नसेलाही धरते. आपल्याकडचं याहून जुनं उदाहरण ऱ्हुमॅटिक तापाचं. लहानपणी स्ट्रेप्टोकोकसने घसा दुखतो, तो बरा होतो, आणि काही आठवड्यांनी सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा खराब होतात, कारण त्या जंतूच्या प्रोटीनसाठी तयार झालेला प्रतिसाद हृदयाच्या प्रोटीनवरही जातो.

आता अँटीबॉडी काम कशी करते ते थोडं सांगते, पुढच्या सगळ्या उत्तरांना ते लागेल. तिला दोन हात असतात आणि एक शेपूट. हातांनी ती विषाणूचा ठरावीक तुकडा धरते, आणि शेपटीने बाकीच्या यंत्रणेला बोलावते, म्हणजे गिळणाऱ्या पेशी येतात, रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रोटीनं कामाला लागतात, सूज येते. त्यामुळे गडबड दोन ठिकाणी होऊ शकते, एकतर हातांनी चुकीची वस्तू धरली किंवा वस्तू बरोबर धरली पण शेपटीने नको तेवढी फौज बोलावली. जीबीएस हे पहिल्या प्रकारचं. कोरोनात दोन्ही प्रकार पाहायला मिळालेत, पण दोन्ही विरळ, आणि जास्त करून आजारात, तेही गंभीर आजारात.

जीबीएसपुरतं बोलायचं तर 2020 च्या सुरुवातीला इटलीतून कोविडनंतर जीबीएस झालेल्या पाच रुग्णांची नोंद आली तेव्हा आम्ही सगळेच धास्तावलो होतो. नंतर ब्रिटनची आकडेवारी बघितली गेली तर पहिल्या लाटेत जीबीएस वाढलेला दिसला नाही, उलट कमीच झाला होता, बहुतेक लोक घरात बसले आणि पोटाचे, घशाचे बाकीचे संसर्ग कमी झाले म्हणून. तेव्हा तुमच्या भागात तरी काळजी करायची असेल तर ती पाण्याची करा, उकळून प्या, चिकन पूर्ण शिजवा.

प्रश्न (कोल्हापूर): व्हॉट्सॲपवर एक लेख फिरतोय की कोरोनाच्या स्पाइक प्रोटीनसाठी (विषाणूवर काट्यांसारखं असतं ते) बनलेल्या अँटीबॉडी माणसाच्या 28 टिश्यूंना, म्हणजे ऊतींना, चिकटतात हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. थायरॉइड, मेंदू, हृदय सगळं त्यात आहे. माझ्या मुलीने दोन्ही डोस घेतलेत, आता लग्न झालंय, आणि कुणीतरी म्हणालं की मूल राहायला पण अडचण येते. ताई, खरं खरं सांगा.

उत्तर: खरं खरंच सांगते. तो 28 चा आकडा कुणी मनाने काढलेला नाही. 2021 च्या सुरुवातीला एक पेपर आला होता, त्यात कोरोनाविरुद्धच्या तयार केलेल्या अँटीबॉडी 55 मानवी टिश्यू अँटीजेनांसमोर, म्हणजे ऊतींमधल्या प्रोटीनांसारख्या पदार्थांसमोर, ठेवल्या आणि त्यातल्या 28 शी त्यांनी प्रतिक्रिया दिली. पण हे झालं कुठे, तर प्लास्टिकच्या प्लेटमधल्या खळग्यांत, जिथे प्रोटीन आधीच तळाला चिकटवून ठेवलेलं असतं आणि चिकटवताना त्याचा मूळ आकार बदलू शकतो. जिवंत माणसात त्यातली बरीच प्रोटीनं पेशीच्या आत असतात, अँटीबॉडी आत पोचतच नाही. प्लेटमध्ये चिकटली म्हणजे शरीरात इजा झाली, असा अर्थ त्या प्रयोगातून निघत नाही, आणि लेख पुढे ढकलणारे नेमका तोच अर्थ काढतात याचं मला फार वाईट वाटतं, कारण तुमच्यासारखी आई रात्रभर जागी राहते.

जुळणाऱ्या तुकड्यांचं गणित एकदा स्वतः करून बघा. प्रोटीन म्हणजे 20 प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. पाच आम्लांचा तुकडा घेतला तर त्याचे 20 गुणिले 20 असं पाच वेळा, म्हणजे 32 लाख वेगवेगळे प्रकार होऊ शकतात. माणसात साधारण 20,000 प्रकारची प्रोटीनं आहेत आणि त्या सगळ्या माळा एकापुढे एक ठेवल्या तर एक कोटीच्या वर आम्लं भरतात. म्हणजे कुठल्याही विषाणूचा, अगदी सर्दीच्या विषाणूचा, पाच आम्लांचा कुठलाही तुकडा माणसात निव्वळ योगायोगाने सरासरी तीनेक ठिकाणी सापडतो. गावोगाव एकाच आडनावाची माणसं भेटतात म्हणून ती सगळी भावकी होत नाही, तसंच हे. अँटीबॉडी बहुतेक वेळा अशी सरळ माळ वाचत नाही, प्रोटीनची घडी पडून तयार झालेला आकार ओळखते, आणि त्या आकारात माळेच्या वेगवेगळ्या ठिकाणची आम्लं शेजारी आलेली असतात.

मुलीबद्दलची भीती डिसेंबर 2020 मध्ये युरोपात सुरू झाली. नाळ तयार होताना सिन्सिटिन-1 नावाचं प्रोटीन लागतं आणि स्पाइकमधला एक छोटासा तुकडा त्याच्याशी जुळतो, म्हणून लस घेतलेल्या बायका वांझ होतील असा दावा केला गेला. तो तुकडा वर सांगितला तशाच योगायोगाचा. नंतर लस घेतलेल्या बायकांच्या रक्तात सिन्सिटिनविरुद्ध अँटीबॉडी शोधल्या, काही मिळालं नाही, आयव्हीएफ करणाऱ्या बायकांत लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या असे गट तपासले, गर्भ राहण्यात फरक नव्हता. आणि जरा विचार करा, जुळणीच घातक असती तर कोविड होऊन गेलेल्या बायकांतही तेच झालं असतं, कारण स्पाइक विषाणूतही आहेच की. मुलीला निर्धास्त राहू दे.

प्रश्न (सातारा): माझ्या मुलाला 2021 मध्ये कोविड होऊन गेल्यावर महिन्याभराने खूप ताप, डोळे लाल, पोटात दुखणं, बीपी खाली, असं झालं आणि आयसीयूत ठेवावं लागलं. एमआयएस-सी (मुलांत कोविडनंतर अनेक अवयवांना एकदम सूज येते तो आजार) म्हणाले, आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या अँटीबॉडी सलाइनमधून) आणि स्टेरॉइड दिलं. आता तो छान आहे पण परत होईल का? आणि त्यालाच का झालं?

उत्तर: ताई, त्यालाच का, या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर आता आपल्याकडे आहे. हा आजार पहिल्यांदा एप्रिल 2020 मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या लक्षात आला. संसर्ग झाल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी येतो, तोपर्यंत विषाणू बहुतेक गेलेला असतो, म्हणून सुरुवातीपासून संशय प्रतिकारशक्तीवरच होता. ऑगस्ट 2024 मध्ये नेचर या जर्नलमध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि बॉस्टनच्या संशोधकांचं काम आलं. त्यांना एमआयएस-सी झालेल्या साधारण एक तृतीयांश मुलांत एसएनएक्स-8 नावाच्या आपल्याच प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी सापडल्या. आणि या प्रोटीनचा एक भाग कोरोनाच्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रोटीनच्या, म्हणजे विषाणूच्या आतल्या प्रोटीनच्या, एका भागाशी जुळतो. इथे नुसती प्लेटमधली जुळणी नव्हती, आजारी मुलांत ती अँटीबॉडी जास्त होती, कोविड होऊनही एमआयएस-सी न झालेल्या मुलांशी तुलना केली होती, शिवाय काही मुलांच्या टी-पेशीही (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) दोन्ही तुकडे ओळखत होत्या. कोल्हापूरच्या ताईंच्या लेखात आणि यात हाच फरक आहे, पुरावा असा लागतो. बाकीच्या दोन तृतीयांश मुलांत ही खूण नव्हती, म्हणजे वाट एकच नाही.

तुमच्या हातून काही राहिलं म्हणून हे झालं नाही, हे कृपा करून मनात पक्कं करा.

परत होणं फार विरळ आहे. ओमिक्रॉन आल्यावर एमआयएस-सीचं प्रमाणच एकदम खाली आलं, आणि लस घेतलेल्या मुलांत तो खूप कमी दिसला. एमआयएस-सी होऊन गेलेल्या मुलांना नंतर लस दिली तेव्हा अमेरिकेतल्या पाहणीत गंभीर काही झालं नाही. फक्त आजारात हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगल्या होत्या का, हे तेव्हाच्या इकोच्या रिपोर्टमध्ये बघा, फुगल्या असतील तर लहान मुलांच्या हृदयतज्ज्ञांकडे ठरलेल्या तारखेला जात राहा.

प्रश्न (डोंबिवली): आम्ही घरातल्या सगळ्यांनी कोविशील्ड घेतली होती. 2024 मध्ये बातमी आली की कंपनीने कोर्टात रक्ताच्या गाठी होतात हे कबूल केलं. मिस्टरांना 52 वय आहे, त्यांना रोज वाटतं की आता काहीतरी होणार. गाठ झाल्याची खूण रक्तात शोधतात ती डी-डायमर टेस्ट करू का?

उत्तर: करू नका, काही उपयोग नाही. त्यांना आता त्या लसीमुळे ती गाठ होणार नाही, हे मी ठामपणे सांगते आणि का तेही सांगते.

त्या आजाराचं नाव व्हीआयटीटी. मार्च 2021 मध्ये युरोपात लक्षात आला आणि एप्रिलमध्ये जर्मनी, नॉर्वे, ब्रिटन अशा तिन्ही ठिकाणच्या डॉक्टरांनी त्याचं कारण मांडलं. आपल्या प्लेटलेटमधून पीएफ-4 नावाचं प्रोटीन बाहेर पडतं, त्याच्यावर धन भार असतो. लसीत जो ॲडिनोव्हायरस (सर्दी-तापाचा एक विषाणू) वाहन म्हणून वापरला होता त्याच्या पृष्ठभागावर ऋण भार, त्यामुळे पीएफ-4 त्याला जाऊन चिकटतं, आणि क्वचित एखाद्याच्या शरीरात या जोडीविरुद्ध, म्हणजे खरं तर आपल्याच पीएफ-4 विरुद्ध, अँटीबॉडी तयार होतात. मग त्या अँटीबॉडीच्या शेपट्या प्लेटलेटना पकडून त्यांना चेतवतात, गाठी होतात, मेंदूच्या शिरांतसुद्धा, आणि वापरल्या गेल्यामुळे रक्तातल्या प्लेटलेट खाली जातात. या अँटीबॉडी कोरोनाच्या स्पाइकविरुद्धच्या नाहीत, दोष वाहनाचा होता. 2023 मध्ये तर असंही दिसलं की साधा ॲडिनोव्हायरसचा संसर्ग होऊनही अगदी क्वचित हेच घडतं.

लस घेतल्यावर साधारण चार दिवस ते सहा आठवडे, एवढीच त्याची मुदत. तुमच्या मिस्टरांची ती केव्हाच संपली. भारतात किती झालं, तर मे 2021 मध्ये सरकारच्या समितीने तपासलेल्या केसेसमध्ये कोविशील्डनंतर गाठींच्या 26 संभाव्य केसेस निघाल्या, दर दहा लाख डोसमागे 0.61. आपल्याकडे नोंदी कमी होतात हे मला मान्य आहे, पण तेव्हा ब्रिटनमध्ये हे प्रमाण दहा लाखाला 4 आणि जर्मनीत 10 होतं, म्हणजे तिकडचे आकडे धरले तरी विरळच. ज्यांच्या घरात हे घडलं त्यांना हे आकडे सांगून काही दिलासा मिळत नाही, त्यांचं दुःख खरं आहे आणि त्यांना भरपाई मिळायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दल पण लोक विचारतात. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 47 हॉस्पिटलांत 18 ते 45 वयाच्या लोकांचा अभ्यास केला, 2023 मध्ये छापून आला, त्यात लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. वाढवणाऱ्या गोष्टी होत्या त्या कोविडसाठी हॉस्पिटलात राहावं लागलेलं असणं, घरात अशा मृत्यूचा इतिहास, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत खूप दारू पिणं किंवा खूप जोराचा व्यायाम. मिस्टरांचं बीपी, शुगर, लिपिड तपासा, 52 वयाला त्याचा खरा उपयोग आहे.

प्रश्न (नागपूर): डेंग्यू दुसऱ्यांदा झाला की जास्त धोका असतो कारण पहिल्या वेळच्या अँटीबॉडी विषाणूला मदत करतात असं वाचलं. कोरोनात तसंच होतं का? माझ्या मांजराला एफआयपी (मांजरांचा जीवघेणा आजार) झाला तेव्हा व्हेट म्हणाले तो पण कोरोनाच.

उत्तर: हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण मांजरातच याची सगळ्यात पक्की गोष्ट आहे. एफआयपी मांजराच्या कोरोनाव्हायरसमुळेच होतो, माणसाला तो होत नाही. 1990 मध्ये मांजराच्या पिल्लांना या विषाणूच्या स्पाइकवर बेतलेली प्रायोगिक लस दिली आणि मग विषाणू दिला, तर लस न दिलेल्या पिल्लांपेक्षा लस दिलेली पिल्लं लवकर मेली. अँटीबॉडी विषाणूला धरत होती, पण तिच्या शेपटीला धरून मॅक्रोफेज नावाची गिळणारी पेशी दोघांना आत घेत होती, आणि हा विषाणू नेमका त्याच पेशीत वाढतो. डेंग्यूतही गणित तेच. म्हणून 2020 मध्ये लसी बनवणाऱ्या सगळ्यांच्या मनात ही मांजरं होती, आणि ही भीती मुळीच फालतू नव्हती. 2019 मध्ये, म्हणजे कोविडच्या आधीच, चीनमध्ये माकडांवर जुन्या सार्सचा प्रयोग झाला होता, त्यात स्पाइकविरुद्धच्या अँटीबॉडीमुळे फुप्फुसातल्या मॅक्रोफेज पेशींचं वागणं बदललं, जखम भरण्याकडे जायच्या त्या सूज वाढवण्याकडे गेल्या.

मग माणसात कोविडचं काय झालं? विषाणू मुख्यतः पेशीवरच्या एसीई-2 नावाच्या प्रोटीनला धरून श्वसनमार्गाच्या पेशींत शिरतो, मॅक्रोफेज हे त्याचं वाढायचं घर नाही, त्यामुळे मांजरासारखं चक्र झालं नाही. पण अर्धी गोष्ट झाली. 2022 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी दाखवलं की कोविडच्या रुग्णांत मोनोसाइट नावाच्या काही पांढऱ्या पेशी अँटीबॉडीच्या शेपटीमार्फत विषाणू आत घेतात, तो तिथे पूर्ण वाढत नाही, पण पेशी फुटून मरते आणि सूज भडकते. त्याच्या आधी 2021 मध्ये ॲमस्टरडॅमच्या लोकांनी शेपटीवरची एक बारीक गोष्ट शोधली होती. शेपटीवर साखरेची एक छोटी फांदी असते आणि तिच्यात फ्युकोज नावाची साखर असते. गंभीर कोविडच्या रुग्णांत ज्या अँटीबॉडी होत्या त्यांत फ्युकोज कमी होतं, आणि फ्युकोज नसलं की शेपटीची पकड जास्त घट्ट होते, म्हणजे फौज जास्त येते. आठ-दहा दिवसांनी, अँटीबॉडी तयार व्हायच्या सुमारास, काही रुग्ण एकदम बिघडायचे ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्याचं एक कारण हे असू शकतं. बॉस्टनच्याच कामात लस घेतलेल्यांच्या अँटीबॉडींनी मोनोसाइटमध्ये विषाणू नेला नाही.

आणखी एक पुरावा आपल्याच देशातला. प्लाझ्मा दिला म्हणजे बऱ्या झालेल्या माणसाच्या अँटीबॉडी बाटलीभर दिल्या. आयसीएमआरच्या चाचणीत 39 हॉस्पिटलांतले 464 रुग्ण होते, त्यात प्लाझ्माने जीव वाचले नाहीत, पण प्लाझ्मा दिलेल्यांत मृत्यू वाढलेही नाहीत. अँटीबॉडीमुळे आजार सर्रास भडकत असता तर तिथे दिसलं असतं. मे 2021 मध्ये प्लाझ्मा सरकारी उपचारांतून काढला तो उपयोग नाही म्हणून.

प्रश्न (न्यू जर्सी, मूळ ठाणे): कोविडनंतर सांधे दुखतात, भारतात आले तेव्हा हेल्थ पॅकेजमध्ये एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडीची टेस्ट) पॉझिटिव्ह आला, 1:80, म्हणजे रक्त 80 पट पातळ करूनही. ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) झालाय का? रडू येतं.

उत्तर: नुसत्या 1:80 वरून ल्युपस ठरत नाही. एकदम निरोगी लोकांत सुद्धा 1:80 ला शंभरातले 13 आणि 1:40 ला तर 30 च्या वर पॉझिटिव्ह येतात. ही टेस्ट लक्षणं नसताना पॅकेजमध्ये घालूच नये असं मला वाटतं, त्यातून नुसती घबराट निघते.

कोविडनंतर स्वतःविरुद्धच्या अँटीबॉडी वाढतात हे मात्र खरं आहे. स्टॅनफर्डच्या 2021 च्या पेपरमध्ये हॉस्पिटलात ॲडमिट रुग्णांपैकी निम्म्यांत त्या होत्या, निरोगी लोकांत 15 टक्क्यांहून कमी. मिशिगनमध्ये 172 ॲडमिट रुग्णांपैकी निम्म्यांत गाठी करणाऱ्या अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी सापडल्या. पण संसर्गात आलेल्या अशा अँटीबॉडी बऱ्याचदा विरून जातात, म्हणून अँटीफॉस्फोलिपिड टेस्ट 12 आठवड्यांनी परत करायची असा नियमच आहे. जर्मनीतल्या सहा लाखांवर कोविड रुग्णांच्या पाहणीत नवीन ऑटोइम्युन आजार (ल्युपससारखे, स्वतःवरच उलटणारे) हजार लोकांमागे वर्षाला 15 निघाले, कोविड न झालेल्यांत साधारण साडेदहा. वाढ आहे, पण बहुसंख्य लोकांना काही झालं नाही. तुम्हाला सकाळी तासाहून जास्त सांधे आखडतात का, बोटांचे सांधे सुजतात का, उन्हात गेल्यावर गालावर चट्टा येतो का, तोंडात फोड, लघवीला फेस, केस झडणं, यातलं काही असेल तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (संधिवाताचे तज्ज्ञ) जा, तिकडेच जा, पुढच्या भारतभेटीची वाट बघू नका. यातलं काही नसेल तरी दुखणं खरंच आहे, ते फॅमिली डॉक्टरला नीट सांगा, फक्त एएनए परत परत करू नका.

प्रश्न (परभणी): बाबा 66 चे होते, शुगर नाही, बीपी नाही, रोज शेतात जायचे. एप्रिल 2021 मध्ये दहा दिवसांत गेले. आईला काहीच झालं नाही. असं का झालं हे कुणीच सांगितलं नाही.

उत्तर: तुमच्या बाबांचे रिपोर्ट मी बघितलेले नाहीत त्यामुळे त्यांच्याबद्दल नक्की सांगता येणार नाही, पण असे धडधाकट पुरुष का गेले याचं एक कारण सापडलंय आणि ते तुम्हाला कळायला हवं. विषाणू शिरला की पेशी पहिल्या काही तासांत इंटरफेरॉन नावाची प्रोटीनं सोडतात, त्याने शेजारच्या पेशी सावध होतात. न्यूयॉर्क आणि पॅरिसच्या गटाने 2020 मध्ये जिवावर बेतलेल्या 987 रुग्णांचं रक्त बघितलं तर 101 जणांत स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटीबॉडी होत्या. सौम्य कोविडच्या 663 लोकांत एकातही नव्हत्या. त्या 101 पैकी 95 पुरुष होते. या अँटीबॉडी कोरोनाने तयार केलेल्या नव्हत्या, काहींच्या जुन्या नमुन्यांत त्या आजाराच्या आधीपासून होत्या, त्याचा काहीच त्रास जाणवत नाही, आणि मग असा विषाणू आला की पहिले दिवस शरीर गाफील राहतं. सत्तरीच्या पुढच्या साधारण 4 टक्के लोकांत त्या असतात.

म्हणजे त्यांनी अंगावर काढलं, किंवा तुम्ही लवकर नेलं नाही, असा दोष कुणी देत असेल तर तो देऊ नये. ही टेस्ट आपल्याकडे नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही. घरातल्या बाकीच्या वडीलधाऱ्यांना दरवर्षी फ्लूची लस द्या आणि ताप-खोकल्यात दम लागला तर त्याच दिवशी ऑक्सिजन मोजा, कारण याच अँटीबॉडी गंभीर फ्लूच्या रुग्णांतही सापडल्या आहेत.

प्रश्न (रत्नागिरी): स्पाइक अँटीबॉडी टेस्टमध्ये माझा आकडा फार जास्त आलाय. जास्त म्हणजे शरीराला धोका?

उत्तर: नाही. ती टेस्ट स्पाइकला किती अँटीबॉडी चिकटतात तेवढंच मोजते, तुमच्या टिश्यूंबद्दल त्यात काही नसतं. आकडा काही महिन्यांनी आपोआप खाली येईल, तो बघायला परत पैसे घालवू नका.